जुनं छोटं विमान घेण्याआधी

खासगी पायलटचा परवाना हातात पडला की काही महिन्यांतच भाड्याच्या विमानाचा कंटाळा येऊ लागतो. शनिवारी सकाळी आभाळ निरभ्र असतं आणि नेमकी तेव्हाच शाळेची सगळी विमानं आधीच कुणीतरी घेतलेली असतात. दोन दिवस मुक्कामाला विमान न्यायचं म्हटलं, तर उडवलं नाही तरी रोजच्या ठरावीक तासांचे पैसे भरावे लागतात. मग जेवणं आटोपल्यावर लॅपटॉपवर जाहिराती चाळणं सुरू होतं. १९७० च्या दशकातली सेस्ना १७२, नवा रंग, नव्या गाद्या, आणि किंमत एखाद्या महागड्या मोटारीच्या आसपास! अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी घरांत हौसेनं परवाना काढणारे आता भेटतात. त्यांच्यातल्या जाहिराती चाळणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

जुनं विमान म्हटल्यावर घरचे दचकतात. त्यांना आधी हे समजावून सांगा, की या बाजारात जुनंच जास्त असतं. सेस्ना १७२ चं उत्पादन १९५६ पासून सुरू झालं आणि आजवर ४४,००० हून अधिक विमानं बनली. जगात दुसरं कुठलंच विमान इतक्या संख्येनं बनलेलं नाही. पण १९८६ मध्ये सेस्नानं छोटी पिस्टन विमानं बनवणं थांबवलं. अपघातानंतर उत्पादकावर होणारे दावे आणि त्यापोटी वाढलेला विम्याचा खर्च हे त्याचं एक मोठं कारण होतं. उत्पादकाची जबाबदारी १८ वर्षांपुरती मर्यादित करणारा कायदा १९९४ मध्ये झाला, त्यानंतर दोन वर्षांनी कारखाना पुन्हा सुरू झाला. आज कोरी १७२ चार लाख डॉलरच्याही वर जाते. त्यामुळे नोकरदार माणसाच्या आवाक्यात येतात ती बहुतेक विमानं चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची. त्यात बिचकण्यासारखं काही नाही. विमानाची दरवर्षी कायद्यानं सक्तीची तपासणी होते आणि त्याची प्रत्येक दुरुस्ती कागदावर नोंदलेली असते. नीट सांभाळलेलं पन्नास वर्षांचं विमान मी डोळे मिटून पसंत करीन, दुर्लक्षिलेलं पंधरा वर्षांचं नाही.

खरी गोम दुसरीकडे आहे. विमानाची किंमत वयाबरोबर उतरते, त्याच्या सुट्या भागांची आणि मेकॅनिकच्या मजुरीची उतरत नाही. जुनं दोन इंजिनांचं पायपर किंवा सेस्ना कधी कधी एका इंजिनाच्या विमानाच्या भावात दिसतं. विकणारा ते स्वस्तात का देतोय, याचं उत्तर पुढच्या वर्षी मिळतं. इंजिनं दोन, पंखे दोन, आत ओढली जाणारी चाकं, ती ओढणारी यंत्रणा, आणि तासाला दुप्पट इंधन. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो असा. हा मसाला टाळता मात्र येत नाही, आणि मला काळजी वाटते ती इथेच. हात आखडला की माणूस दुरुस्ती पुढे ढकलतो. ‘एवढी झीज चालेल’, ‘हे पुढच्या तपासणीला बघू’ अशी वाक्यं तोंडी येऊ लागतात, आणि आपण बायको-मुलांना त्याच विमानात बसवतो. म्हणून विमान परवडतं का, हा प्रश्न खरेदीच्या किमतीवरून सोडवू नका. आठ हजार डॉलरचं अनपेक्षित बिल आलं, तर ते न कुरकुरता, न उधारी करता भरता येईल का, एवढंच स्वतःला विचारा. उत्तर नाही असेल तर एक पायरी खालचं विमान घ्या.

वेगाचा मोह सगळ्यात मोठा. १७२ साधारण ११० ते १२० नॉट वेगानं जाते. तेवढ्यातच दीडशे-पावणेदोनशे नॉटची बोनांझा डोळ्यांत भरते. बीचक्राफ्टची बोनांझा १९४७ पासून बाजारात आहे आणि ती देखणी आहे, यात वाद नाही. पण इंग्रजी व्ही अक्षरासारखी शेपटी असलेल्या बोनांझाला अमेरिकेत एक भयंकर टोपणनाव पडलं. पैसा भरपूर आणि अनुभव तोकडा अशा डॉक्टर मंडळींचे तिच्यात झालेले अपघात हे त्यामागचं कारण. विमान वेगवान असलं की ढगातही लवकर शिरतं आणि हाताबाहेरही लवकर जातं. शंभर तासांच्या पायलटला विमा कंपन्या अशा विमानासाठी एकतर नकार देतात किंवा अनुभवी पायलटच्या दीड-दोनपट हप्ता सांगतात. त्यांचा नकार हा फुकटात मिळालेला सल्ला समजावा.

दुसरा मोह खुर्च्यांचा. चार खुर्च्या दिसल्या की पुण्याहून आई-बाबा आले की चौघं मिळून नायगाराला जाऊ, असं मनात येतं. आकडे मांडून बघा. १९७० च्या दशकाच्या अखेरीची १७२ एकूण २,३०० पौंडांची. रिकाम्या विमानाचं वजन वजा जाता साधारण ८५० पौंड उरतात. टाक्या भरल्या तर वापरता येणारं इंधन ४० गॅलन, गॅलनला ६ पौंड, म्हणजे २४०. उरले ६१०. सरासरी १७० पौंडांची चार मोठी माणसं ६८० पौंडांची होतात, बॅगा बाजूलाच. म्हणजे चौघांना न्यायचं तर इंधन कमी घ्यायचं आणि मध्ये उतरायचं. प्रत्येक विमानाच्या कागदांत त्याचं प्रत्यक्ष मोजलेलं रिकामं वजन असतं. जाहिरातीतला आकडा सोडून तोच मागवून घ्या. वर्षभरातल्या तुमच्या बहुतेक फेऱ्या कशा असतील, हेही प्रामाणिकपणे लिहून काढा. बहुतेकांच्या फेऱ्या एकट्यानं किंवा दोघांनी, तास-दीड तासाच्या अंतरावर जाऊन जेवून परत येण्याच्या असतात. वर्षातल्या एका मोठ्या सहलीसाठी विमान भाड्यानं घेता येतं. त्या एका सहलीवर बेतून विमान घेऊ नका.

आता पैशांकडे येऊ. आकडे गावागणिक बदलतील, पण रचना अशीच राहते. हँगरला महिना ४५० डॉलर धरले तर वर्षाचे ५,४००. विमा १,८००. वार्षिक तपासणी, म्हणजे ॲन्युअल, आणि तिच्यातून निघणारी किरकोळ कामं ३,०००. जीपीएसचा डेटा आणि नकाशांची वर्गणी ६००. झाले १०,८००, आणि विमान अजून जागचं हललेलं नाही. उडताना १७२ तासाला साधारण ८ गॅलन इंधन पिते, साडेसहा डॉलर दरानं ५२. तेल आणि फिल्टर ४. इंजिन नव्यासारखं बांधून घ्यायला, म्हणजे ओव्हरहॉलला, ४० हजार आणि आयुष्य २,००० तास धरलं, तर तासाला २० बाजूला टाकायला हवेत. टायर, ब्रेक, रेडिओ यांचे १४ धरा. तासाचे ९० झाले. वर्षाला ५० तास उडालात तर तास ३०६ डॉलरला पडतो, १०० तास उडालात तर १९८ ला, १५० तासांना १६२. भाड्याची १७२ अनेक ठिकाणी १५० ते २०० मध्ये मिळते. विमानात अडकलेल्या रकमेचं किंवा कर्जाचं व्याज यात मी धरलेलंच नाही. वर्षाला शंभर तासांच्या खाली स्वतःचं विमान स्वस्त पडत नाही. ते घ्यायची इतर चांगली कारणं आहेत. हवं तेव्हा मिळतं, त्याची सवय होते, आणि दुसऱ्या कुणी चाकं आपटली असतील याची धास्ती नसते. ही कारणं मला पूर्ण पटतात. पैसे वाचतील हे मात्र घरी सांगू नका. मित्रांकडून खर्च वसूल होईल हेही मनात आणू नका. खासगी पायलटला प्रवाशांबरोबर इंधन, तेल, विमानतळाचे आकार आणि भाडं एवढंच, तेही आपला समान वाटा उचलून, वाटून घेता येतं. हँगर आणि ॲन्युअलचा खर्च त्यात बसत नाही.

इंजिनाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यात महाग फसवणूक तिथेच होते. जाहिरातीत ‘ओव्हरहॉलनंतर फक्त ३०० तास’ असं ठळक लिहिलेलं असतं. ओव्हरहॉल कधी झालं, हे विचारा. वीस वर्षांपूर्वी झालं असेल, तर ते इंजिन वर्षाला पंधरा तास फिरलंय आणि उरलेला वेळ गंजत बसलंय. १७२ आणि पायपर चेरोकी या दोन्हींत सर्रास आढळणाऱ्या लायकमिंग इंजिनांत कॅमशाफ्ट वर असतो, क्रँकशाफ्टच्याही वर. इंजिन थांबलं की त्याच्यावरचं तेल निथळून खाली जातं आणि दमट हवेत उघडं पडलेलं पोलाद गंजू लागतं. पुढे तो खडबडीत झालेला कॅम चालता चालता झिजतो आणि त्याचा कीस तेलात सगळीकडे फिरतो. कॅम बदलायचा तर इंजिनाचे दोन भाग उघडावे लागतात, म्हणजे खर्च जवळपास ओव्हरहॉलएवढा. म्हणूनच लायकमिंग सांगते, की ३० दिवसांत एकदा तरी सलग तासभर, तेल पुरतं तापेल असं उड्डाण करा. जमिनीवर दहा मिनिटं इंजिन फिरवून ठेवल्यानं उलट आत पाणी साचतं. याच कंपनीनं तासांबरोबर १२ वर्षांचीही मर्यादा सुचवलेली आहे. खासगी वापराच्या विमानाला ती कायद्यानं बंधनकारक नसते, त्यामुळे अनेक इंजिनं ती ओलांडून उत्तम चालतात. पण चालतात ती नियमित उडणारी. आठवड्याला उडणारं १,५०० तासांचं इंजिन आणि तीन वर्षं हँगरमध्ये उभं असलेलं ३०० तासांचं, यांत मी पहिलं घेईन आणि ओव्हरहॉलचे पैसे किमतीतून कापून मागीन.

कागद वाचायला एक अख्खी दुपार काढा. विमानाच्या सांगाड्याचं, इंजिनाचं आणि पंख्याचं अशी वेगळी लॉगबुकं असतात, आणि ती पहिल्या दिवसापासूनची असायला हवीत. मधलं एखादं पुस्तक हरवलंय म्हणाले, तर किंमत लगेच उतरते, कारण त्या वर्षांत काय घडलं ते कुणालाच सांगता येणार नाही. दर वर्षीच्या नोंदीत एकूण तास किती वाढले ते बघा. सलग चार वर्षं दोन-दोन तास दिसले की वरचा कॅमशाफ्ट आठवा. मोठी दुरुस्ती किंवा बदल ज्या ३३७ क्रमांकाच्या फॉर्मवर नोंदतात, त्यांच्या प्रती विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या एफएएच्या ओक्लाहोमा सिटीतल्या नोंदणी कार्यालयात असतात. विमानाच्या नोंदणी क्रमांकावरून त्या मागवता येतात. विकणाऱ्याच्या लॉगबुकाशी त्या ताडून पाहिल्या की पंख कधी बदलला होता, हे कळतं. अपघाताची नोंद अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबीकडेही शोधता येते.

मग येतात एफएएचे सक्तीचे आदेश, ज्यांना सगळे एडी म्हणतात. त्यातला प्रत्येक आदेश कशातून तरी निघालेला असतो. सेस्नाच्या पुढच्या खुर्चीचा रूळ झिजला की उड्डाण घेतानाच खुर्ची मागे सरकते, आणि दांडा धरलेला पायलट तो दांडाही आपल्याबरोबर मागे ओढतो. अशा अपघातांनंतर १९८७ मध्ये रूळ वारंवार तपासण्याचा आदेश निघाला. एप्रिल २०१८ मध्ये फ्लोरिडात डेटोना बीचजवळ उड्डाण-प्रशिक्षणाच्या पायपर ॲरोचा पंख हवेत तुटला आणि आतले दोघे गेले. पंखाच्या मुख्य तुळईच्या बोल्टच्या भोकापाशी धातू थकून तडा गेलेला होता. त्यानंतर काही पायपर विमानांत ती भोकं एडी करंट (eddy current) पद्धतीनं तपासणं सक्तीचं झालं. शाळेत हजारो तास राबलेलं चेरोकी किंवा ॲरो घेत असाल, तर ही तपासणी झाल्याची नोंद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

एवढं मनासारखं आलं, तर विमान तपासायला स्वतःचा मेकॅनिक न्या. विकत घेण्याआधीच्या या तपासणीची व्याख्या कायद्यात कुठेच नाही. काय बघायचं ते तुम्हीच ठरवून लेखी द्यायचं असतं. गेल्या वर्षी याच विमानाच्या ॲन्युअलवर ज्यानं सही केली, त्याला हे काम देऊ नका. तो स्वतःच्याच कामावर कसा बोट ठेवील? ‘ॲन्युअल कालच झाली आहे, तपासणी कशाला?’ असं विकणाऱ्यानं म्हटलं, तर तेच कारण समजून जास्त बारकाईनं बघा. सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजतातच, पण ८० पैकी ७२ आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. बोअरस्कोप आत घालून व्हॉल्व्हचे फोटो काढून घ्या, तेलाचा फिल्टर कापून घड्यांत धातू चकाकतो का ते बघा. पंखांच्या आत, शेपटीत, बॅटरीखाली गंज शोधा. फ्लोरिडा किंवा मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षं उघड्यावर राहिलेलं विमान असेल तर दुप्पट. हजार-दीड हजार डॉलर देऊन ‘हे घेऊ नका’ असं उत्तर मिळालं, तर पैसे सार्थकी लागले. माझ्या मते या एका टप्प्यावर कंजुषी करणाऱ्यानं विमान घेऊच नये.

जाहिरातीत रंग आणि स्क्रीन पुढे असतात. नव्या काचेच्या स्क्रीनवर वीस हजार खर्च करणाऱ्याला विकताना क्वचितच निम्मे मिळतात. म्हणून उपकरणं आधीच बसवलेलं विमान घ्या, बसवायच्या बेतानं घेऊ नका. १ जानेवारी २०२० पासून गर्दीच्या हवाई क्षेत्रांत एडीएस-बी यंत्र असणं बंधनकारक आहे. ते नसेल तर काही हजार डॉलर आताच वजा करा.

आपल्या वाचकांसाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा नोंदणीचा आहे आणि तो ऐनवेळी कळतो. अमेरिकेत विमान स्वतःच्या नावावर नोंदवायला माणूस नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावा लागतो. एच-वन व्हिसावर परवाना काढता येतो, विमान चालवता येतं, पण नोंदणी स्वतःच्या नावावर होत नाही. अमेरिकन विश्वस्त नेमून ट्रस्टच्या नावावर विमान घेण्याचा मार्ग आहे. त्यात विश्वस्ताची फी आणि वकील आला. साठ-सत्तर हजारांच्या विमानासाठी तो खटाटोप मला तरी पटत नाही. ग्रीन कार्डाची वाट पाहणाऱ्यांनी फ्लाइंग क्लबचं सभासद व्हावं, तिथे विमान क्लबच्या संस्थेच्या नावावर असतं. नोंदणीची फी अवघी ५ डॉलर आहे. विक्रीकर किंवा वापरकर मात्र राज्यागणिक वेगळा असतो, आणि कॅलिफोर्नियात काउंटी विमानावर दरवर्षी मालमत्ताकरही लावते.

विमा घेताना हप्त्याबरोबर दुसरी ओळ वाचा. दहा लाखांचं संरक्षण असं लिहिलेलं असतं, पण प्रवाशामागे मर्यादा बहुधा एक लाखाची असते, आणि तुमच्या शेजारी बसणारं माणूस घरचंच असतं. तुमची आयुर्विम्याची पॉलिसी, इथली असो की भारतातली, खासगी विमान चालवताना झालेला मृत्यू मान्य करते का, तेही लेखी विचारून घ्या. हँगरचं आधी बघा, विमानाचं नंतर. मोठ्या शहरांजवळच्या विमानतळांवर प्रतीक्षायादी काही वर्षांची असते, आणि टेक्सासच्या गारांत ॲल्युमिनियमचं विमान उघड्यावर बांधून ठेवायचं म्हणजे प्रत्येक वादळाला जीव टांगणीला.

ज्यांचे वर्षाला पन्नासच तास होणार आहेत, त्यांनी भागीदार शोधावा, असं मी कळकळीनं सांगेन. वरच्याच हिशेबात दोघं असले तर प्रत्येकाचा ठरलेला खर्च ५,४०० वर येतो, आणि पन्नास तास उडूनही तास १९८ लाच पडतो. शिवाय विमान दुप्पट उडतं, ते इंजिनाला मानवतं. मंडळातला मित्र असेल तर ‘आपल्यात कागद कशाला’ हे वाक्य ठरलेलं. कागद कराच. एकाची नोकरी दुसऱ्या राज्यात गेली तर त्याचा हिस्सा कोण, कुठल्या भावानं घेणार? चूक ज्याची, विम्याच्या वजावटीची रक्कम त्याची, की दोघांची? दिवाळीच्या आठवड्यात विमान कुणाचं? मैत्री टिकते ती हे आधी बोलून घेतलेल्यांची. विमान शाळेला चालवायला देऊन पैसे कमवण्याचा बेत त्यापेक्षा कितीतरी जोखमीचा आहे. विम्याचा हप्ता फुगतो, दर १०० तासांनी वेगळी तपासणी लागते, आणि शिकाऊ पायलट चाकं कशी टेकवतात हे आपण सगळ्यांनी अनुभवलेलंच आहे.

सौदा ठरला तर पैसे एस्क्रोमार्फत द्या आणि त्याआधी विमानावर कर्जाचा बोजा नाही, याची ओक्लाहोमा सिटीतल्या नोंदींतून खात्री करून घ्या. ताबा घेण्याच्या दिवशीच विमा सुरू असला पाहिजे. तो बहुधा प्रशिक्षकाबरोबर पाच-दहा तास उडण्याची अट घालतो. ती अट नसली तरी ते तास करा. किमतीच्या किमान दहा-पंधरा टक्के रक्कम पहिल्या ॲन्युअलसाठी वेगळी ठेवा, कारण नवा मेकॅनिक जुन्यानं सोडून दिलेलं सगळं पहिल्याच वर्षी दाखवतो. त्या तपासणीला स्वतः हजर राहा, झाकणाचे स्क्रू तुम्ही काढा. मेकॅनिकची मजुरी वाचते आणि आपलं विमान आतून बघायला मिळतं. तेल बदलणं, स्पार्क प्लग साफ करणं, टायर बदलणं अशी कामं परवानाधारक मालकाला स्वतः करून लॉगबुकात लिहिण्याची मुभा कायद्यानंच दिली आहे. पहिली दोनदा मेकॅनिक शेजारी उभा असताना करा. विमान घरी आणल्यावर पंचवीस तासांनी तेल बदला, फिल्टर कापून बघा आणि तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. पुढचा प्रत्येक नमुना ताडून बघायचा तो या पहिल्या नमुन्याशीच, म्हणून त्याचा अहवाल इंजिनाच्या लॉगबुकालाच जोडून ठेवा.